एकाच वेळी सात रंगराव

यंत्राने हवालदार रंगराव मोहित्यांना शोधून काढलं, तेव्हा ते एकाच वेळी सात ठिकाणी होते.

कराडमध्ये एका बँकेच्या दारात ते येरझाऱ्या घालत होते. त्याच वेळी वडूजला एका शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत होते, कोरेगावच्या एसटी स्टँडवर होते आणि फलटणला एका मंगल कार्यालयाच्या फाटकापाशीही होते. उरलेली तीन गावं ऐकून घ्यायला विजयमाला थांबलीच नाही.

"पोरी, मला नवरा एकच हाय," ती म्हणाली. "आन् तोबी वीस वर्षं सुट्टीपुरताच मिळालाय."

समोर बसलेली केतकी दामले गोरीमोरी झाली. साताऱ्याच्या 'पाऊलवेध' केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि यंत्राने असला चावटपणा यापूर्वी कधी केला नव्हता. विजयमालाच्या शेजारच्या खुर्चीत निवृत्त सुभेदार आबासाहेब जगदाळे ताठ बसले होते. त्यांना मात्र मनापासून अभिमान वाटत होता.

"सात ठिकाणी! आमच्या पलटणीचं पाणीच वेगळं."

"आबा, जरा गप्प बसता का?" विजयमाला म्हणाली. एरवी ती त्यांच्यासमोर आवाजही चढवत नसे. पण रंगरावांना घरातून जाऊन आठवडा उलटला होता आणि तिच्या जिवात जीव नव्हता.

खडकेवाडी हे फौजींचं गाव. तिथे लहान पोरंसुद्धा रांगेत उभी राहून जिलबी घेतात. रंगराव दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन आले आणि विजयमालाच्या घरालगतच्या पिठाच्या गिरणीवर बसू लागले. दिवसा ठीक असत. रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही. उठायचं, कड्या तपासायच्या, अंगणात उभं राहायचं. मग गेल्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा झाला आणि कुणा हौशी पोराने मांडवाच्या दारात फटाक्यांची माळ लावली. रंगराव क्षणात जमिनीवर आडवे झाले, आणि होताना शेजारच्या व्याह्यांनाही खेचून त्यांना आपल्या अंगाखाली झाकून बसले. व्याही भला माणूस. फेटा झटकत म्हणाले, "एवढी कडकडून गळाभेट माझी आजवर कुणी घेतली नव्हती." अख्खा मांडव हसला. रंगराव आपल्या हातांकडे बघत राहिले.

सकाळी ते घरात नव्हते. फोन घरात, ओळखपत्र घरात, आणि फळीवर सगळी पदकं पुसून ओळीने मांडलेली. अशी मांडामांड फौजीच्या बायकोला नीट वाचता येते. परतायचं असलेला माणूस पदकं पुसून ठेवत नाही. नवरा जिवाचं बरंवाईट करून घेईल, त्याच्या आत तो सापडायला हवा होता, आणि यंत्र तिला सात-सात नवरे दाखवत होतं.

हे यंत्र म्हणजे काही फार अगडबंब प्रकरण नव्हतं. गावोगाव इंटरनेटसाठी काचेच्या तारा पुरल्या होत्याच, केसाएवढ्या बारीक. अशा तारेत प्रकाश सोडला की त्यातला अगदी थोडा अंश वाटेतल्या कणाकणावर आपटून मागे येतो. वर जमीन हलली की तार किंचित ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. कुठल्या ठिकाणी बदलला हेही कळतं. आधी हे सगळं भूकंप आणि दरडींसाठी होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रस्त्याच्या कडेने चालणारा माणूसही तारेला ऐकू येतो, आणि प्रत्येकाचं ऐकू येणं वेगळं असतं. कुणी टाच आधी आपटतं, कुणी जुन्या दुखण्याने एक पाय राखून टाकतं. एकदा एखाद्याच्या चालीचा नमुना मिळाला की जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांवर तीच चाल शोधायची. विसरभोळे म्हातारे त्यामुळे घरी येऊ लागले, आणि आता हरवलेल्या माजी सैनिकांसाठीही ही सोय झाली होती.

"नमुना कुठला दिला होता?" केतकीने एकदम विचारलं.

"सगळ्यात झकास!" जगदाळे म्हणाले. "सव्वीस जानेवारीचं संचलन. ग्रामपंचायतीसमोरची तार. रंगराव पहिल्या रांगेत!"

केतकीने कपाळाला हात लावला. "आबा, संचलनात सगळे कसे चालतात?"

"एकसारखे. म्हणजे काय! तीस माणसं चालली तरी एक माणूस चालल्यागत—" जगदाळे बोलता बोलता थांबले. मिशा खाली आल्या.

यंत्राने रंगराव शिकलेच नव्हते. ते संचलन शिकलं होतं. फौज सुटली तरी ज्यांच्या पायांतून फौज सुटली नव्हती, असे जिल्ह्यातले सात गडी त्याने इमानेइतबारे हुडकून दिले होते.

जगदाळ्यांनी झालेली चूक कबूल केली आणि लगेच तिची मोहीम केली. सातही ठिकाणी माणसं पाठवली, न जाणो एखादा खरा निघाला तर. कराडचा निघाला बँकेचा पहारेकरी, वडूजचा कवायतीचा मास्तर, फलटणचा मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक. सगळ्यांनी चहा पाजला आणि सगळे शोधात सामील झाले. कोरेगावच्या स्टँडवरचा मात्र कुठल्याच नोकरीत नव्हता. निवृत्त नाईक शंकर भोईटे. दाढी वाढलेली, अंगावर तीच ती बंडी, स्टँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कदम मोजत पहारा देत होता. कित्येक महिने तिथेच राहत होता. त्याला कुणी शोधत नव्हतं, म्हणून तो हरवला आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

जगदाळे त्याला जीपमध्ये घालून थेट खडकेवाडीला घेऊन आले. न्हाव्याकडून त्याची दाढी करवली आणि गिरणीच्या ओट्यावर आणून बसवला. विजयमालाने पिठलं-भाकरी वाढली. भोईटे खाली मान घालून जेवला. तिसऱ्या भाकरीला त्याला कंठ फुटला.

"वहिनी, एक सांगू? ते सापडले तर हार घेऊन जाऊ नका."

"का ओ?" जगदाळ्यांनी विचारलं. त्यांनी दोन हार सांगूनही ठेवले होते.

"माणूस घराला कंटाळून जात नाही, सुभेदारसाहेब. आपल्यापासून घराला धोका आहे असं वाटतं, म्हणून जातो. अशा वेळी चार गाड्या धुरळा उडवत आल्या की तो एवढंच समजतो, की आपल्याला घेरलं."

साखरपुड्यानंतर रंगराव हातांकडे का बघत राहिले होते, ते विजयमालाला आत्ता कळलं, आणि कळल्यावर जास्तच रडू आलं. जगदाळ्यांनी गुपचूप हारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा केतकीसमोर होती. आता रंगरावांची स्वतःची चाल हवी होती, फौजेची नव्हे. पण खडकेवाडीच्या तारेत ती सापडेना. दोन वर्षांत हा माणूस आपल्या गल्लीतून जवळजवळ चाललाच नव्हता, असं यंत्राचं म्हणणं.

"घरातून बाहेरच पडत नव्हते का?" केतकीने विचारलं.

"असं कसं? रोज सकाळी चंद्री म्हशीला घेऊन ओढ्यावर जायचे की. तासन् तास. मी म्हणायची, माझ्याशी दोन शब्द बोलत नाही, आणि म्हशीशी काय एवढं हितगुज असतं?"

"म्हशीबरोबर चालायचे?"

"चंद्री पुढं, हे मागं. ती थांबली की हे थांबायचे. तिला घाई केलेली त्यांना खपायची नाही."

केतकी उठून उभी राहिली. मग बसली. मग भराभर कळा दाबू लागली. "मावशी, रस्त्यांवरून रोज लाखो जनावरं जातात. त्यांच्या पावलांचा गोंधळ नको म्हणून आम्ही एक चाळणी लावलीय. जनावराची चाल आली की ती बाजूला पडते, कुणी बघतच नाही. आणि जनावराच्या मागे त्याच्याच गतीने चालणारा माणूस—"

"तोही कोंड्यातच गेला की!" गिरणीवाली विजयमाला म्हणाली.

कोंडा उपसला. चंद्रीची जड, सावकाश चार पावलं सापडली, आणि त्यांच्या मागे दोन हलकी. दोन पावलं आणि एक थांबा, दोन पावलं आणि एक थांबा. उजवी टाच किंचित घासलेली. केतकीने आवाज मोठा केला. विजयमाला पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत राहिली. वीस वर्षं ज्याची चिठ्ठी, फोन, सुट्टी यांची वाट पाहिली, त्या माणसाचं साधं चालणं तिने असं बसून कधी ऐकलंच नव्हतं. कुणाच्या मागे न लागलेला, कुणाच्या पुढे न धावणारा माणूस चालत होता.

मग केतकीने जिल्हाभरच्या कोंड्यात तीच चाल शोधायला लावली. चहा येऊन गार झाला. जगदाळे खिडकीशी उभे राहून मिशा ओढत होते. आणि माण तालुक्यातल्या एका रस्त्यावर, शेकडो मेंढरांच्या बारीक पावलांच्या मागे, कालच्याच दुपारी: दोन पावलं आणि एक थांबा.

"जिवंत आहेत!" केतकी ओरडली आणि नियम-बियम विसरून तिने विजयमालाला मिठी मारली. जगदाळ्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि पुन्हा टोपी घातली.

नियम मात्र होता, आणि केतकीला तो आठवला. सापडलेल्या माणसाचा ठावठिकाणा घरच्यांना लगेच द्यायचा नाही. आधी एका प्रशिक्षित सोबत्याने एकट्याने जायचं, त्याच्याशी बोलायचं, आणि घरच्यांना कळवू का, असं विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. जगदाळ्यांनी सोबत्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. प्रमाणपत्र घरी चौकटीत लावलं होतं आणि प्रशिक्षणातला बराचसा वेळ झोप काढली होती. पण आता भोईट्याने त्यांची पुन्हा चांगली उजळणी घेतली. "हुकूम द्यायचा नाही, साहेब. शेजारी बसायचं. तो बोलेस्तोवर बसायचं."

गडबड एवढीच झाली, की मिठी मारण्याआधी केतकीने पडदा विजयमालाकडे वळवला होता. रस्त्यालगतच्या माळाचं नाव विजयमालाने वाचलं होतं.

केंद्रातून निघाली ती सरळ स्टँडवर गेली. त्या बाजूची गाडी लागलेलीच होती. ती चढली, खिडकीशी बसली. नवरा माझा, मी जाणार, मला कोण अडवतं? आता नाही गेले आणि त्याने मध्येच काही केलं तर? आणि गेले, आणि मला बघून त्याने काही केलं तर? दोन्हीकडून जीव टांगलेला. कंडक्टर जवळ आला.

"कुठं, मावशी?"

तिला गावाचं नाव उच्चारवेना. त्या माणसाने सगळ्या जगातून एक माळ निवडला होता, आणि तिथेही न विचारता जाऊन उभं राहायचं?

"उतरते मी."

"आता? घंटा मारली ना मी!"

"मग पुन्हा मार," विजयमाला म्हणाली आणि खाली उतरली. गाडी तिच्यासमोरून निघून गेली. आयुष्यात याहून अवघड असं तिने काही केलं नव्हतं.

पुढचे दिवस तिने गिरणी अशी चालवली, की गावाला मैद्यासारखं पीठ मिळालं. ज्वारीत बाजरी मिसळली, कुणी बोललं नाही. मग एका सकाळी जगदाळ्यांचा फोन आला. त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता.

"पोरी, मी बसलो. नुसता बसलो. काल सांजच्याला बोलला. तू ये म्हणतोय. एकटीच ये. आन् घरी चला असं मात्र म्हणू नको."

माळावर ऊन कलतं होतं. बिरा हाके नावाचा म्हातारा धनगर घोंगडी पसरून बसला होता आणि जगदाळे त्याच्याशी तंबाखूवर चर्चा करत होते. दोघांनी तिला बोटानेच वाट दाखवली. पलीकडे बाभळीखाली रंगराव उभे होते. काळवंडले होते, दाढी वाढली होती, काखेत एक कोकरू होतं. येताना वाटेत तिने पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"ताक-भाकरी," रंगराव म्हणाले. "आबा म्हणाले, तुला जागा आधीच कळली होती."

"एसटीत बसले होते. उतरले."

रंगरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि बाभळीखालची सावली तिला करून दिली. दोघं बसली. कोकरू मध्ये.

"गावात ती तार जोडायला आले, तेव्हा एक अधिकारी सभेत म्हणाला होता, जनावरं आम्ही वगळतो," ते म्हणाले. "तेवढं मी ध्यानात ठेवलं. मेंढरांत शिरलं की कुणाला सापडायचं नाही. त्यांच्याबरोबर घाटाच्या कड्यापर्यंत जायचं, आणि पुढं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. विजयमालानेही ते पुरं करायला लावलं नाही. तिने फक्त त्यांचा हात धरला.

"मग?"

"मग या म्हाताऱ्याने हे हातात दिलं. म्हणाला, धर जरा, माझ्या वहाणेचा अंगठा तुटलाय. आणि दिवसभर परत घेतलंच नाही. कडा आला तरी माझे हात मोकळे नाहीत. याला कुठं ठेवू?"

विजयमालाने वळून बिराकडे पाहिलं. "बाबा, तुमास्नी कळलं हुतं?"

"मला काय म्हाईत?" बिरा म्हणाला. "वहाण तुटली हुती." आणि त्याने तंबाखूची चिमूट तोंडात सोडली.

"रात्री झोपलो," रंगराव सांगत होते, आणि सांगताना त्यांनाच नवल वाटत होतं. "कळपाला चार कुत्री आहेत. ती पहारा देतात. कुणीतरी जागं राहायला हवं, हे माझ्या डोक्यातून जातच नव्हतं, इतकी वर्षं. इथे माझी पाळीच नाही. पहिल्या रात्री सकाळपर्यंत झोपलो, विजू."

"अरे देवा! मग मला सांगायचं की. मी चार काय, दहा कुत्री पाळली असती!"

रंगराव हसले. पोटातून हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "तेवढ्याने भागणार नाही. त्या दिवशी व्याह्यांची मान माझ्या हातात होती. उद्या झोपेत तुझी असली तर?"

"तर वेगळ्या खोलीत झोपू. घराला खोल्या कशाला आहेत? आणि डॉक्टर कशाला आहेत?"

डॉक्टरांचं जगदाळ्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं. दर आठवड्याला जीप माळावर यायची, रंगरावांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची आणि परत आणून सोडायची. गाडी भोईटे चालवणार होता, त्यालाही त्याच डॉक्टरांकडे जायचं होतं. रंगराव कळप परत फिरेपर्यंत माळावरच राहणार होते. विजयमालाने मनातल्या मनात दिवस मोजायला घेतले आणि मग ते सोडून दिलं.

"लग्नात फटाके नकोत," ते म्हणाले.

"नाहीतच. व्याही म्हणतायत, वाजंत्रीसुद्धा तुम्हाला विचारून."

बिरा उठला. कळप हलवायची वेळ झाली होती. मेंढरांना डांबरी रस्ता ओलांडून पलीकडच्या शिवारात जायचं होतं. रंगरावांनी कोकरू त्याच्या आईपाशी सोडलं आणि नेहमीप्रमाणे कळपाच्या मागे निघाले. विजयमाला त्यांच्या शेजारून चालू लागली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या मागून तरी चालली होती, नाहीतर निरोप द्यायला जागच्या जागी उभी तरी राहिली होती. पहिली काही पावलं जुळेनात. मग जुळली.

रस्त्याच्या कडेला रंगराव थांबले. तार पुरल्याच्या खुणेचा दगड तिथेच होता. मेंढरं धुरळा उडवत पलीकडे गेली, कुत्री गेली, बिरा गेला, जगदाळेही गेले. रस्ता रिकामा झाला तरी रंगराव अलीकडेच उभे.

"काय झालं?" विजयमालाने विचारलं.

"इतके दिवस त्यांच्या गर्दीतूनच ओलांडला," ते म्हणाले. "थांब जरा."

त्यांनी अंगरख्याला हात पुसले आणि रस्त्याच्या कडेने, तारेच्या अगदी अंगावरून, एकटेच चालू लागले. कवायतीची चाल नव्हती ती, आणि म्हशीच्या मागचीही नव्हती. उजवी टाच घासत, साधं, चारचौघांसारखं. थोडं पुढे गेले, वळले, परत आले. विजयमालाचा फोन वाजला. पलीकडे केतकी नुसती किंचाळत होती.

"मावशी, काका आलेत! चाळणीत नाही, वर आलेत! स्वच्छ! कुणी नाही आजूबाजूला, एकटे चालतायत! तुम्हाला कळवायचं का, हे त्यांना विचारायला हवं, पण मला राहवेना—"

विजयमालाने फोन नवऱ्याच्या हातात दिला. रंगरावांनी तो कानाला लावला आणि घसा साफ केला.

"हवालदार रंगराव मोहिते बोलतोय."

"काका! कसे आहात तुम्ही?"

रंगरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"अजून बरा नाही, पोरी," ते म्हणाले. "पण हजर आहे."